पेनड्राइव्ह नाकारणारा लॅपटॉप : संगणकाच्या पहिल्या आज्ञेचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ पेनड्राइव्ह जोडलेला असतो, त्यावरचा दिवा लुकलुकत असतो, तरी लॅपटॉप त्याची दखल घेत नाही. एक तर जुनी विंडोजच उघडते, नाहीतर बूट करण्याजोगे साधन सापडले नाही, अशा अर्थाची ओळ काळ्या पडद्यावर उमटते. या नकाराला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. संगणकाला पहिली आज्ञा कोणी द्यायची, या प्रश्नाचा तो इतिहास होय.

२/ मूळ पेच साधा आहे. प्रोसेसर फक्त स्मृतीत असलेली आज्ञा पाळतो, पण सुरू होताना ती स्मृती रिकामी असते. तिच्यात प्रोग्रॅम आणायचा, तर तो आणणारा प्रोग्रॅम आधी हवा. स्वतःच्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला उचलून धरावे, तशी ही अशक्य कसरत. त्या पट्टीच्या इंग्रजी नावावरूनच 'बूट' हा शब्द संगणकात आला.

३/ १९५२ च्या आयबीएम ७०१ या यंत्रावर 'लोड' नावाचे बटण होते. ते दाबले की पहिला शब्द पंचकार्डावरून, चुंबकीय फितीवरून किंवा ड्रमवरून स्मृतीत येई. यांपैकी कोठून, हे शेजारच्या निवड-खटक्याने ठरे. आजच्या 'बूट मेन्यू'चा हा पूर्वज. निवड पूर्णपणे यंत्रासमोरच्या माणसाच्या हाती होती.

४/ १९७५ चा आल्टेअर ८८०० याहून कष्टाचा. दर्शनी भागावरचे खटके एकेक करून वरखाली करत पहिला प्रोग्रॅम हाताने भरावा लागे. पॉल अ‍ॅलन आणि बिल गेट्स यांनी या यंत्रासाठी बेसिक भाषा लिहिली. पण ती कागदी फितीवरून आत घेणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचाच राहिला होता. अ‍ॅलन यांनी तो अल्बुकर्कीला जाताना विमानात बसून लिहिला.

५/ १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने पीसी बाजारात आणला. पहिली आज्ञा आता 'बायोस' या नावाने एका चिपमध्ये कायमची कोरलेली होती. ती प्रथम फ्लॉपी शोधी. फ्लॉपी नसेल, तर चिपमध्येच असलेली बेसिक भाषा सुरू होई. म्हणजे बाहेरून आलेल्या साधनाला पहिला मान होता.

६/ १९८३ मध्ये पीसी-एक्सटीबरोबर हार्ड डिस्क आली आणि तिच्या पहिल्या ५१२ बाइटांना मोल आले. त्यांतील ४४६ बाइट प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट चार विभागांच्या नोंदीसाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी. या मांडणीला एमबीआर म्हणतात. ५१२ बाइटांच्या सेक्टरांची तिची मोजणी २ टीबीपाशी संपते.

७/ बायोसवर आयबीएमचा हक्क होता. कॉम्पॅक कंपनीने त्यावर वाट काढली. एका गटाने मूळ बायोस अभासून तो काय करतो तेवढेच टिपले. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या टिपणांवरून नवा बायोस लिहिला. पुढे फीनिक्स कंपनीने असाच बायोस तयार करून इतर उत्पादकांना विकला. पीसी सर्वांचा झाला, पण मेन्यू उघडण्याची कळ मात्र प्रत्येकाची निराळी राहिली : कोठे एफ२, कोठे एफ१२, कोठे डिलीट.

८/ बाहेरच्या साधनाला दिलेला पहिला मान १९८६ मध्ये महागात पडला. लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये ठाण मांडून बसे. अशी फ्लॉपी आत ठेवून संगणक सुरू केला, की ऑपरेटिंग सिस्टिम येण्यापूर्वीच तो स्मृतीत शिरलेला असे. दारातून येणाऱ्यावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

९/ सीडी आली तेव्हा बायोसला ती वाचून बूट होता येत नव्हते. १९९५ मध्ये फीनिक्स आणि आयबीएम यांनी 'एल टोरिटो' हे मानक आणले. त्यात एक युक्ती होती : सीडीचा एक भाग बायोसला फ्लॉपी म्हणून दाखवता येई. नव्याला जुन्याचा वेष देण्याची ही सवय पुढेही टिकली.

१०/ १९९६ मध्ये यूएसबी आली. तिच्या निर्मितीत इंटेलमधील अजय भट्ट यांचा मोठा वाटा. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. २००० च्या सुमारास पेनड्राइव्ह विकू लागले. पण ते वाचण्याची विद्या बायोसला स्वतंत्रपणे शिकवावी लागली. कोणता बायोस पेनड्राइव्हला फ्लॉपी समजे, कोणता हार्ड डिस्क, तर कोणाला तो दिसतच नसे.

११/ आयएसओ ही मुळात सीडीची प्रतिमा. ती फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली, तर तेथे केवळ एक फाइल पडून राहते; बूट होण्यासाठी लागणारी मांडणी तयार होत नाही. रूफससारख्या साधनाने ती प्रतिमा 'लिहावी' लागते. अनेक अपयशांचे मूळ एवढेच असते.

१२/ इंटेलने इटेनियम प्रोसेसरसाठी बायोसला पर्याय म्हणून ईएफआय विकसित केले. २००५ पासून तेच यूईएफआय या नावाने सर्वांचे मानक झाले. पहिल्या सेक्टरमधला प्रोग्रॅम चालवण्याचे दिवस संपले. नवे फर्मवेअर फॅट विभागातील फाइली वाचते आणि पेनड्राइव्हवर ठरलेल्या फोल्डरात, ठरलेल्या नावाची फाइल शोधते. केवळ जुन्या पद्धतीने तयार केलेला पेनड्राइव्ह त्याला बूट करण्याजोगा वाटतच नाही.

१३/ फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. विंडोजच्या प्रतिष्ठापनेतील मुख्य फाइल बहुधा ही मर्यादा ओलांडते. एनटीएफएस वापरावे, तर बऱ्याच फर्मवेअरना ते वाचता येत नाही. म्हणून एकतर फाइलचे तुकडे करावे लागतात किंवा पेनड्राइव्हवर एक छोटा साहाय्यक विभाग ठेवावा लागतो.

१४/ काही वर्षे यूईएफआयच्या पोटात जुना बायोस 'लेगसी' किंवा 'सीएसएम' या नावाने नांदत होता. २०२० पर्यंत तो काढून टाकण्याचा मनोदय इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केला. त्यामुळे जुना पेनड्राइव्ह जुन्या लॅपटॉपवर चालतो आणि नव्यावर चालत नाही, यात पेनड्राइव्ह बिघडलेला असेलच असे नाही.

१५/ ब्रेनने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून 'सिक्युअर बूट' आले. मान्य किल्लीची स्वाक्षरी असलेलाच प्रोग्रॅम चालेल, हा त्याचा नियम. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत तो घरोघरी पोचला. किल्ली मायक्रोसॉफ्टची असल्याने वाद पेटला : लॅपटॉप विकत घेणारा मालक, की स्वाक्षरी देणारी कंपनी? त्या वेळी सामान्य पीसीवर हे कुलूप बंद करण्याची सोय बंधनकारक राहिली. विंडोज १० च्या काळात ती उत्पादकाच्या मर्जीवर सोडण्यात आली.

१६/ लिनक्सवाल्यांनी मधला मार्ग काढला. 'शिम' नावाचा छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून स्वाक्षरित करून घ्यायचा आणि पुढची पडताळणी त्याने आपल्या किल्लीने करायची. उबुंटू आणि फेडोरा याच वाटेने गेले. काही नव्या लॅपटॉपांत मात्र इतरांसाठीची ही किल्ली मुळात बंदच असते; ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.

१७/ २०२० मध्ये ग्रब या बूटलोडरमध्ये 'बूटहोल' ही त्रुटी उघड झाली आणि जुन्या आवृत्त्या बाद करणे भाग पडले. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने असे काही जुने शिम रोखले. विंडोजशेजारी लिनक्स ठेवणाऱ्या अनेकांचे लिनक्स एका रात्रीत उघडेनासे झाले. कालपर्यंत चालणारे जुने पेनड्राइव्हही त्यात अडकले.

१८/ म्हणून तपासणीचा क्रमही या इतिहासातूनच मिळतो. आधी उत्पादकाची योग्य कळ दाबून बूट मेन्यू उघडावा. पेनड्राइव्ह तेथे दिसत नसेल, तर दुसरा पोर्ट, दुसरा पेनड्राइव्ह. 'फास्ट बूट' चालू असेल तर बंद, कारण वेळ वाचवण्यासाठी ते यूएसबीची तपासणी टाळू शकते. मग प्रतिमा पुन्हा लिहावी, यूईएफआय की लेगसी याचा मेळ पाहावा. दिसतो पण नाकारला जातो, अशी स्थिती असेल, तर संशय सिक्युअर बूटवर घ्यावा आणि प्रथम नवी प्रतिमा वापरून पाहावी.

१९/ कुलूप बंद करण्यापूर्वी एक सावधगिरी हवीच. विंडोजची डिस्क बिटलॉकरने बंदिस्त असेल, तर सिक्युअर बूट बदलताच ती पुनर्प्राप्तीची ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती जवळ नसेल, तर स्वतःचीच कागदपत्रे आणि छायाचित्रे कायमची हातची जाऊ शकतात. किल्ली आधी शोधून कागदावर उतरवावी, मगच सेटिंगला हात लावावा.

२०/ १९५२ मध्ये जे काम एका खटक्याने होई, त्याच्या वाटेत आज स्वाक्षऱ्या, किल्ल्या आणि बाद ठरलेल्यांच्या याद्या उभ्या आहेत. यांतील प्रत्येक पहारा कोणत्या तरी खऱ्या धोक्यामुळे बसला. पण अपडेट बंद झालेला जुना लॅपटॉप लिनक्सवर आणखी काही वर्षे चालवायचा, तर त्या पहाऱ्यातून वाट लागते. ती वाट उघडण्याचा अधिकार यंत्राच्या मालकाकडे उरतो की नाही, यावर त्या लॅपटॉपचे उरलेले आयुष्य ठरते.