बिघाड क्रमांक ५४

संगणक मध्येंच थांबला म्हणजे पडद्यावर कांहीं शब्द उमटतात. ते लिहिणारा दूर असतो आणि वाचणारा कामाच्या घाईंत. हे शब्द संदिग्ध असले तर काय अनर्थ ओढवतो, याचा दाखला अमेरिकेंत टेक्सस राज्यांतील टायलर शहरीं १९८६ सालीं मिळाला.

तेथील एका रुग्णालयांत कर्करोगावर किरणोपचार करणारें ‘थेरॅक-२५’ हें यंत्र होतें. तें कॅनडाच्या सरकारी अणुशक्ति कंपनीनें बनविलें होतें. आधींच्या यंत्रांत किरणांचा अतिरेक रोखणारे स्वतंत्र यांत्रिक अडसर असत. येथें तें काम बहुतांशीं संगणकाच्या आज्ञावलीवर सोंपविलें होतें.

२१ मार्च रोजीं यंत्रचालिकेनें टंकलेखनांतील एक चूक झटपट दुरुस्त करून उपचार सुरू केला. यंत्र थांबलें व पडद्यावर ‘बिघाड ५४’ हीं अक्षरें उमटलीं. यंत्राला डकविलेल्या टिपणांत त्याचा खुलासा ‘मात्रा-नोंद २’ या अर्थाच्या त्रोटक शब्दांत होता. मात्रा फार अधिक झाली किंवा फार कमी, दोहोंलाहि संज्ञा एकच! त्यांतच पडद्यावर २०२ ऐवजीं अवघे ६ एकक दिसत होते, आणि या थांबण्याला नांव होतें नुसता ‘विराम’. असे विराम तेथें नित्याचेच. एक कळ दाबली कीं काम पुढें चाले. चालिकेनें कळ दाबली. प्रत्यक्षांत रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या सुमारें शंभरपट किरण लागले होते. कांहीं महिन्यांनीं तो दगावला.

तज्ज्ञांना तपासणींत दोष सांपडला नाहीं. यंत्र पुन्हां चालू झालें. ११ एप्रिल रोजीं तोच अंक पुन्हां उमटला व दुसरा रुग्ण बळी पडला. अखेर रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञानें व त्याच चालिकेनें वारंवार प्रयोग करून दोष उघड केला: दुरुस्ती फार जलद टंकिली तर आज्ञावली चुके. १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा मिळून अशा सहा दुर्घटना घडल्या.

मूळ दोष शब्दांचा नव्हता, हें खरें. परंतु धोक्याला ‘विराम’ म्हटल्यामुळें माणसाच्या हातीं असलेली अखेरची सावधगिरीहि निष्फळ ठरली. म्हणूनच पुढें सरकारी औषध-नियामकांच्या आग्रहावरून झालेल्या सुधारणांत स्वतंत्र अडसरांबरोबरच गूढ अंकांच्या जागीं अर्थपूर्ण संदेशांची योजना झाली.

काय घडलें, काय निश्चित ठाऊक नाहीं आणि आतां काय करूं नये, एवढें जो संदेश सांगत नाहीं, तो संदेश नव्हेच.