कंपन्यांचा क्लब, देशांची सभा आणि आपला ‘ऱ्या’

फोन हातात आहेच, तर आधी एक छोटा प्रयोग करू. नोट्स उघडा आणि ‘ॲप’ हा शब्द दोनदा लिहा. एकदा कीबोर्डवरचं तयार ‘ॲ’ वापरून, आणि एकदा आधी ‘अ’ लिहून मग त्याच्यावर चंद्र देऊन: ‘अॅप’. दिसायला दोन्ही सारखेच. पण फोनच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात ‘ॲ’ हा एकच नंबर, दुसऱ्यात दोन नंबर. म्हणून कधीकधी तुम्ही काहीतरी शोधता, ते डोळ्यांसमोर असतं, तरी सर्चमध्ये येत नाही.

हे असं का, याचं उत्तर शोधायला मला थेट १९८०च्या दशकात जावं लागलं.

कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, नंबर कळतात. कुठलं अक्षर म्हणजे कुठला नंबर, हे कोणीतरी ठरवावं लागतं. तेव्हा जो तो आपापलं ठरवत होता. आपल्याकडे तर एका फॉन्टमध्ये लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की नुसता चिवडा दिसायचा. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच यादी हवी, हे सगळ्यांना पटलेलं होतं. यादी कोणी करायची, इथे घोडं अडलं.

एका बाजूला होती आयएसओ, जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय मानक संस्था. इथे सभासद म्हणजे देश. प्रत्येक देशाची मानक संस्था, आणि प्रत्येकीला एक मत. भारताकडून तिथे ब्यूरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्स बसतं. हो, प्रेशर कुकरवर आयएसआय मार्क देणारे तेच लोक. कारभार रीतसर, कागदोपत्री आणि अर्थातच सावकाश. त्यांनी १०६४६ नावाचा मसुदा तयार केला. त्यात एका अक्षराला चार बाइटपर्यंत जागा होती, आणि चीन, जपान, कोरिया यांच्या चित्रलिपीसाठी वेगवेगळे कप्पे.

दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियातले काही इंजिनीअर. झेरॉक्स कंपनीचा जो बेकर, ॲपलचे ली कॉलिन्स आणि मार्क डेव्हिस. १९८८मध्ये बेकरने एक मसुदा लिहिला, त्याचं नाव युनिकोड. म्हणणं साधं होतं: चार बाइट कशाला, दोनच पुरेत. दोन बाइटमध्ये ६५,५३६ जागा होतात. चिनी आणि जपानी लिपीत जे चिन्ह एकच आहे त्याला एकच नंबर द्या, म्हणजे सगळं मावेल. तेव्हा मेमरी महाग होती, त्यामुळे कंपन्यांना हे लगेच पटलं. जानेवारी १९९१मध्ये युनिकोड कन्सॉर्शियमची रीतसर नोंदणी झाली. हा कंपन्यांचा क्लब. वर्षाला हजारो डॉलर वर्गणी भरा आणि मत द्या.

आता गंमत बघा. क्लबकडे कॉम्प्युटर बनवणारे होते, पण अधिकार नव्हता. सभेकडे अधिकार होता, पण तिची यादी वापरायला कंपन्या तयार नव्हत्या. १९९१मध्ये आयएसओचा मसुदा मतदानाला आला आणि पडला. मग दोघे बोलायला बसले. ठरलं असं की याद्या दोन राहतील, पण त्यांतली अक्षरं आणि नंबर तंतोतंत सारखे असतील. नवीन अक्षर घ्यायचं तर दोघांनी हो म्हटलं पाहिजे. १९९३मध्ये आयएसओ १०६४६ आणि युनिकोड १.१ जुळून बाहेर पडले. या जुळवाजुळवीत आधी घेतलेली तिबेटी लिपी चक्क काढून टाकली गेली. ती परत आली १९९६मध्ये! त्याच वेळी कोरियन अक्षरांचे नंबरही सगळेच्या सगळे बदलले, ११,१७२ अक्षरं नव्या जागी. हा गोंधळ बघून नियम झाला: एकदा दिलेला नंबर पुन्हा हलवायचा नाही, काढायचाही नाही.

हा नियम लक्षात ठेवा, कारण आता आपण येतो.

देवनागरीची यादी क्लबने स्वतः बनवली नाही. भारताच्या इस्की या मानकाचा १९८८चा तक्ता उचलला. आणि १९९१च्या शेवटी, युनिकोडची पहिली आवृत्ती छापून येत होती त्याच सुमारास, आपल्या ब्यूरोने इस्कीची नवी आवृत्ती काढली. म्हणजे गाडी सुटल्यावर आपण नवं तिकीट छापलं.

मराठीला याचा चटका बसतो तो ‘ऱ्या’मध्ये. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, त्याच्या डोक्यावर रफार. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, तिथे आडव्या रेघेसारखा अर्धा र. हिंदीला हा फरक लागत नाही, मराठीचं त्याशिवाय चालत नाही. युनिकोडमध्ये हा अर्धा र लिहायच्या दोन रीती आहेत. एक इस्कीच्या पद्धतीने, नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून. दुसरी साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. स्क्रीनवर तेच, आत वेगळं, आणि दोन्ही कायमचे. ‘ॲ’ला स्वतःचा नंबर मिळाला तो २००८मध्ये, युनिकोड ५.१मध्ये. तोवर लोकांनी दोन तुकडे जोडून वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं. ते पुसणार कोण?

मला विचाराल तर खरी अडचण इथे आहे. सभेत देशाला मत आहे, क्लबमध्ये वर्गणीदाराला. मराठी यातलं काहीच नाही. तिच्यासाठी कोणीतरी कागद घेऊन जावं लागतं. पुढे भारत सरकारचा आयटी विभागही क्लबचा सभासद झाला, म्हणजे आपण दोन्ही दारांतून आत जायला लागलो. अनेकदा दोन्हीकडे बसलेली माणसंही तीच असतात.

पण दोन दारं असण्याचा फायदाही आहे. गूगल आणि ॲपलने इमोजी आणायचे ठरवले, तेव्हा जपानी मोबाइल कंपन्यांच्या संचात फक्त १० देशांचे झेंडे होते. जपान, अमेरिका, चीन वगैरे. कंपन्यांना काम भागवायचं होतं, त्यांना १० पुरले असते. देशांच्या सभेत हे कसं चालणार? दहा जणांचे झेंडे आणि बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या? शेवटी तोडगा निघाला: झेंडे घ्यायचेच नाहीत, २६ खास अक्षरं घ्यायची. त्यातली आय आणि एन शेजारी आली की फोन तिरंगा दाखवतो. कुठल्या जोडीचा झेंडा दाखवायचा, ते फोन बनवणाऱ्याने ठरवावं.

त्याच धामधुमीत, १५ जुलै २०१० रोजी, आपल्या मंत्रिमंडळाने रुपयाचं नवं चिन्ह मंजूर केलं. आयआयटी मुंबईत शिकलेल्या उदय कुमार यांचं डिझाइन. एरवी एका अक्षराला वर्षं लागतात, या चिन्हासाठी दोन्हीकडून घाई झाली. ऑक्टोबर २०१०मध्ये युनिकोड ६.० आलं, आणि त्यात झेंड्यांची ती २६ अक्षरं आणि आपला ₹ एकाच वेळी दाखल झाले.