आम्हांला बोलायचे आहे

१९७६ च्या फेब्रुवारी महिन्यात, दक्षिण स्पेनमधील ग्रानादा विद्यापीठाच्या एका सभागृहात, फ्लामेंको नृत्यगानाचा एक आगळा प्रयोग रंगभूमीवर आला. त्याचे नाव ‘कामेलामोस नाकेरार’. हे नाव धड स्पॅनिशही नव्हते. ते होते स्पेनमधील जिप्सींच्या, म्हणजे तेथील शब्द वापरायचा तर हितानोंच्या, ‘कालो’ नावाच्या बोलीतले. अर्थ असा, की ‘आम्हांला बोलायचे आहे’.

या दोन शब्दांपाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे असे मला वाटते. ‘कामेलामोस’मधला ‘काम’ हा आपल्या संस्कृत ‘काम’ शब्दाचाच वंशज. त्याला पुढे स्पॅनिश व्याकरणाचे शेपूट लागले आहे. खुद्द ‘कालो’ म्हणजे काळा. याच बोलीत माणसाला ‘मानुस’, पाण्याला ‘पान्यी’, सुरीला ‘चुरी’ आणि मिठाला ‘लोन’ म्हणतात. आपल्या लोणच्यातले लोण ते हेच! सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून जे लोक इराण, बायझंटियम असा मुक्काम करीत पश्चिमेकडे सरकत गेले, त्यांचीच एक शाखा १४२५ साली आरागोनच्या राजाचे अभयपत्र घेऊन स्पेनमध्ये पोहोचल्याची नोंद आहे. ही मंडळी स्वतःला ‘छोट्या इजिप्त’हून आलेले यात्रेकरू म्हणवीत, ‘हितानो’ हे नावही त्या इजिप्तवरूनच पडले. त्यांचे खरे मूळ कोणते याचा उलगडा पुढे अठराव्या शतकात भाषापंडितांनी केला.

तेव्हा फ्लामेंको हे आपलेच नृत्य, असे म्हणून मिशीला पीळ देण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरलेला बरा. शब्द भारतातून गेले हे सिद्ध आहे. नाच गेला हे सिद्ध नाही. फ्लामेंकोचा पिंड अंदालुसियाच्या मातीत, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत घडला, आणि तो हितानो व त्यांचे गरीब स्पॅनिश शेजारी या दोघांनी मिळून घडविला. टाचेचा आघात ऐकून आपल्याला कथकची आठवण होते हे खरे. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. आपले आणि त्यांचे जे खरे नाते आहे ते या प्रयोगाच्या नावात आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

आता प्रश्न असा, की ज्यांच्या गाण्याने नि नाचण्याने युरोपला वेड लावले त्यांना ‘आम्हांला बोलायचे आहे’ असे १९७६ साली का म्हणावे लागले? त्याचे उत्तर स्पेनच्या कायद्याच्या पोथ्यांत सापडते. १४९९ साली फेर्दिनांद आणि इसाबेल या राजाराणीने फर्मान काढले, की हितानोंनी साठ दिवसांच्या आत एका जागी वस्ती करून कुणा धन्याची चाकरी धरावी, नाहीतर राज्य सोडावे. न ऐकणाऱ्यास पहिल्या खेपेला शंभर फटके आणि हद्दपारी, दुसऱ्या खेपेला कान कापणे, तिसऱ्या खेपेला जन्माची गुलामी. १६३३ सालचे फर्मान तर आणखी पुढे गेले. हितानोंचा वेश नको, भाषा नको, नावही नको. इतकेच नव्हे, तर कोणत्याही नाचात वा अन्य प्रसंगी हितानोंचे सोंग आणण्यासही त्याने मनाई केली. नाचावर राजाज्ञेने बंदी घालावी लागते याचाच अर्थ असा, की तो नाच त्या काळीही लोकांच्या डोळ्यांत भरत होता.

याहून भीषण प्रकार १७४९ च्या जुलैअखेरीस झाला. मार्किस दे ला एन्सेनादा या मंत्र्याच्या योजनेनुसार देशभर एकाच वेळी धरपकड होऊन सुमारे नऊ हजार हितानो बंदिवान झाले. पुरुष आणि सात वर्षांवरील मुलगे यांना आरमाराच्या गोद्यांत सक्तमजुरीला धाडले; बायका नि लहान मुले वेगळी कोंडली. एका वंशाला संततीच होऊ नये, असा त्या ताटातुटीमागचा हिशेब होता. राहिलेल्यांची सुटका व्हायला १७६५ साल उजाडावे लागले. पुढे १७८३ च्या कायद्याने त्यांना धंद्याची मोकळीक दिली, परंतु वेश, भाषा आणि भटकंती यांवरची बंदी कायम ठेवली. विसाव्या शतकातही, १९४३ च्या नियमावलीने, ग्रामीण पोलिसांना हितानोंवर खास नजर ठेवण्याचा आदेश दिलेला होता. जन्मावरून माणसाला संशयित ठरविणारा १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सारे फार परके वाटू नये.

आणि गंमत पहा, ज्या फ्रँको-राजवटीचे पोलीस हितानोंवर पाळत ठेवीत, तीच राजवट परदेशी प्रवाशांना बोलावताना फ्लामेंको नर्तकीचे चित्र पुढे करी. झालरीचा झगा, केसांत फूल, हातात कास्तान्येता: पोटभर हसरे चित्र. झग्यातली बाई कुठे राहते, काय खाते, हे विचारण्याचे कारण प्रवाशाला नव्हते.

हा प्रयोग बसविणारा नर्तक मारियो माया याने तो झगमगाट अगदी मुळापासून पाहिला होता. त्याचा जन्म १९३७ चा, कोर्दोव्याचा. पण वाढला तो ग्रानादाच्या साक्रोमोंते टेकडीवर. अलांब्राच्या राजवाड्यासमोरच्या या टेकडीत हितानोंची घरे म्हणजे डोंगरात कोरलेल्या, चुना फासलेल्या गुहा. संध्याकाळी प्रवाशांची टोळी आली, की भिंतीकडेने खुर्च्या मांडायच्या आणि पोराबाळांनी नाचून पैसे मिळवायचे. मारियो त्याच पोरांतला. एका इंग्रज चित्रकर्तीने त्याचे चित्र काढले, त्याला बक्षीस मिळाले, आणि तिने पाठविलेल्या पैशांवर हा मुलगा माद्रिदला नाच शिकायला गेला. तेथे पिलार लोपेसच्या नामांकित संचात त्याने शिस्त घेतली, साठीच्या दशकात न्यूयॉर्क पाहिले, आणि परतला तो एक कोरीव, अनलंकृत शैली घेऊन. इकडे १९६३ च्या अतिवृष्टीत साक्रोमोंतेच्या गुहा खचल्या आणि तेथली कुटुंबे उठवून शहराबाहेरच्या वस्त्यांत नेण्यात आली.

प्रयोगाची संहिता लिहिली होसे एरेदिया माया याने. हा १९४७ साली ग्रानादा प्रांतातल्या आल्बुन्युएलास गावी जन्मलेला हितानो. कवी, आणि पुढे ग्रानादा विद्यापीठात साहित्याचा अध्यापक. त्याच्या समाजातले विद्यापीठापर्यंत पोहोचलेले लोक तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते. नाचायला होती लेब्रिखा गावची कोन्चा वार्गास, जेमतेम विशीतली पोर. गायला ग्रानादाचा ‘एल पिकी’ आणि हेरेसचा गोमेस. असा हा संच होता. नाटकातल्या पात्रांची दुःखे त्यांना उसनी आणावी लागली नाहीत.

या मार्गावर ते एकटेच होते असेही नाही. १९७२ साली सेव्हिलच्या ‘ला क्वाद्रा’ मंडळीने ‘केहीओ’ नावाचा प्रयोग करून वाट पाडली होती. त्याचा सूत्रधार साल्वादोर तावोरा हा कामगार वस्तीतला. त्याने वेल्डिंग केले होते, बैलझुंजीच्या रिंगणात उतरला होता, आणि गातही असे. त्याच्या संचातला एक गायक तर खराखुरा शेळ्या राखणारा. ‘एल काब्रेरो’, म्हणजे धनगर, याच नावाने तो पुढे गाजला. तावोराने अंदालुसियाच्या शेतमजुराची व्यथा मांडली. माया आणि एरेदिया यांनी एक पाऊल पुढे टाकून एका जमातीवरचा पाचशे वर्षांचा खटलाच मांडला.

त्याची रचना साधी आहे. जुन्या फर्मानांतली कलमे कोरड्या सरकारी आवाजात वाचली जातात, आणि प्रत्येक कलमाला गाण्याने नि नाचाने उत्तर मिळते. हे उत्तर पेलण्याची ताकद फ्लामेंकोच्या अंगातच आहे. ‘मार्तिनेते’ हा लोहारांचा गानप्रकार. त्याला गिटारची साथ नसते, फार तर ऐरणीवरचे ठोके. ‘सोलेआ’चे आवर्तन बारा मात्रांचे, पण जोर पडतो तो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. आधी तीन-तीनची चाल, मग दोन-दोनची. जणू चालता चालता कोणी वाट अडवावी आणि माणसाने पावले आखडून पुढे निघावे. कायद्याच्या वाक्याला अशा पावलाचे उत्तर मिळते, तेव्हा प्रवाशांपुढे करमणूक म्हणून आलेली टाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहते. मला या प्रयोगाचे खरे मोल येथे दिसते. त्याने फ्लामेंकोत काही बाहेरून घातले नाही. आत होते ते लोकांना ऐकू येईल असे केले.

काळही विलक्षण होता. फ्रँको मरून जेमतेम तीन महिने झाले होते. उद्या काय बोलता येईल आणि काय नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच वर्षी मिगेल आल्कोबेंदास याने या प्रयोगावर एक लघुपट केला. १९७७ च्या निवडणुकीत हुआन दे दिओस रामिरेस-एरेदिया हा पहिला हितानो प्रतिनिधी स्पेनच्या संसदेत गेला. पोलीस नियमावलीतल्या त्या कलमांविरुद्ध त्याने सभागृहात भाषण केले, आणि १९७८ साली ती रद्द झाली. नाचाने कायदा बदलला असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे नाचावरही अन्याय आणि लढणाऱ्यांवरही. परंतु जी गोष्ट संसदेत बोलली गेली, ती दोन वर्षे आधी रंगमंचावर बोलून झाली होती, हे विसरता येत नाही.

मारियो माया पुढे मोठा झाला. १९९२ साली त्याला राष्ट्रीय नृत्य पुरस्कार मिळाला. १९९४ साली उभ्या राहिलेल्या अंदालुसियाच्या सरकारी नृत्यसंचाचा तो पहिला दिग्दर्शक. २००८ साली तो सेव्हिलमध्ये वारला. एरेदिया २०१० साली गेला, आणि त्याच वर्षी युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या वारशाचा मान दिला. कला आता वारसा ठरली. पण ती ज्यांनी सांभाळली त्यांतली पुष्कळ घरे आजही शहरांच्या कडेला, गरिबीत आहेत. नाचाला टाळ्या आणि नाचणाऱ्याला संशय, हा जुना व्यवहार केवळ एका पुरस्काराने मिटत नाही. म्हणून ते नाव अजून शिळे झालेले नाही. त्यातले क्रियापद वर्तमानकाळी आहे.