बेवारशी जासूद

पहिला फटाका वाजला, की आमच्या आळीतला मोत्या आमच्या खाटेखाली शिरतो. मग पुढे करंजी ठेवा की चकली, तो बाहेर यायचा नाही. अशा जनावराला तोफांच्या भडिमारातून धावायला शिकवता येईल, असे कोणी म्हटले तर आपण हसू. परंतु पहिल्या महायुद्धात हे घडले, आणि तेही बेवारशी कुत्र्यांच्या हातून!

फ्रान्सच्या रणभूमीवर तोफगोळ्यांनी टेलिफोनच्या तारा तुटत. निरोप घेऊन धावणारे शिपाई वाटेतच पडत. हे काम कुत्रा करील, असे एडविन रिचर्डसन या इंग्रज अधिकाऱ्याचे म्हणणे होते. 1916 च्या अखेरीस त्याने तयार केलेले वुल्फ आणि प्रिन्स हे दोन कुत्रे फ्रान्सला गेले व कसाला उतरले. 1917 साली शूबरीनेस येथे समुद्रकाठी कुत्र्यांची शाळाच निघाली.

विद्यार्थी कोठून आणायचे? मेरी टील्बी या बाईने 1860 साली लंडनात टाकलेल्या कुत्र्यांसाठी आश्रयस्थान काढले होते. 1871 पासून ते बॅटरसी येथे होते. तेथून कुत्री आली. पुढे इतर शहरांतूनही आली.

रिचर्डसनच्या शाळेत मार नव्हता. कुत्रे चुकले, तर त्याला शांतपणे चुकल्या जागी परत नेत आणि पुन्हा सोडत. एका रखवालदाराकडे तीन कुत्री असत. त्यांना खाऊ घालायचे ते त्यानेच. इतर शिपायांनी कुरवाळायचेही नाही. मग लांब नेऊन सोडले, की कुत्रे जीव तोडून आपल्या रखवालदाराकडे धावे. अंतर हळूहळू वाढे. वाटेत काटेरी तारा, धूर, चर येत. जवळ तोफा कडाडत. गळ्यातल्या डबीत चिठ्ठी असे. कुत्र्याला लढाई ठाऊक नव्हती, आपला माणूस तेवढा ठाऊक होता.

मी शाळामास्तर. लहानपणी छडीच्या धाकाने पाठ केलेले पाढे छडी दिसेनाशी होताच मी विसरत असे. म्हणून ही हकीकत मला गोड वाटते. आणि तितकीच बोचतेही. घर नसलेल्या जिवांना एक माणूस मिळाला, आणि त्याच्याच ओढीने त्यांना मरणाच्या वाटेवर सोडले! सगळी काही परतली नाहीत.

आज संध्याकाळी फटाके वाजू लागले, की मी खाटेपाशी बसून मोत्याच्या पाठीवर हात ठेवणार आहे. त्याच्याकडून मला कोणतेही काम करवून घ्यायचे नाही.