टेस्ट ट्यूब बेबी: कलकत्त्याचं काम, मुंबईची साक्ष

भारतातून येणाऱ्या फोनवर 'गोड बातमी कधी?' हा प्रश्न ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकला, त्यांच्यासाठी आजचा भाग आहे. ज्यांनी तो प्रश्न विचारला, त्यांनीही जरूर ऐकावा.

आयव्हीएफ म्हटलं की आपल्याला इथलं ओल्डहॅम आठवतं. मँचेस्टरजवळच्या या गावात 25 जुलै 1978 रोजी लुईस ब्राउन जन्मली. पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी या तिघांचं ते यश. त्यांनी लुईसच्या आईला बीजं वाढवणारी औषधं दिली नव्हती. त्या महिन्यात नैसर्गिकरीत्या तयार झालेलं एकच स्त्रीबीज पोटातून दुर्बिणीनं काढलं. वेळ चुकली असती, तर तो महिना वाया गेला असता.

अवघ्या 70 दिवसांनी, 3 ऑक्टोबरला, कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. तिला जग 'दुर्गा' या नावानं ओळखू लागलं. तिच्यामागे होते डॉ. सुभाष मुखर्जी. एडिंबरा विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन ते परत गेले होते. त्यांची वाट मात्र वेगळी होती. त्यांनी आधी हार्मोनची इंजेक्शनं देऊन एकाऐवजी अनेक बीजं तयार केली. ती पोटातून न काढता योनिमार्गातून छोटा छेद घेऊन काढली. इंजेक्शनांमुळे त्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर भ्रूणासाठी अनुकूल राहत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी भ्रूण गोठवलं, 53 दिवस सांभाळलं आणि नंतरच्या पाळीच्या चक्रात गर्भाशयात सोडलं.

आज तुम्ही कुठल्याही क्लिनिकमध्ये गेलात, तर याच तीन पायऱ्या भेटतील. छेदाची जागा आता सोनोग्राफीत बघत घातलेल्या सुईनं घेतली आहे, एवढंच. अनेक बीजं मिळाली की चांगलं भ्रूण निवडता येतं. उरलेली गोठवून ठेवली, तर दुसऱ्या खेपेला पुन्हा इंजेक्शनांपासून सुरुवात करावी लागत नाही. शिवाय एका वेळी एकच भ्रूण सोडता येतं, त्यामुळे जुळ्यांचा धोका कमी होतो.

मग हे नाव आपल्याला माहीत का नाही? राज्य सरकारनं समिती नेमली आणि समितीनं दावा फेटाळला. जपानहून आलेल्या निमंत्रणावर जायची परवानगी त्यांना मिळाली नाही. 1981 मध्ये त्यांची बदली झाली, तीही डोळ्यांच्या संस्थेत. त्याच वर्षी 19 जूनला त्यांनी आपलं जीवन संपवलं. गोठवलेल्या भ्रूणापासून जन्मलेलं बाळ म्हणून जगानं मान्य केलं ते 1984 मध्ये, ऑस्ट्रेलियातलं.

आता मुंबईला येऊ. 6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी एक मुलगी जन्मली. भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. पुढे डॉ. मुखर्जींचे कागद आनंद कुमारांच्या हाती आले. त्यांनी ते बारकाईनं तपासले आणि 1997 मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. तोवर तो मान त्यांच्या स्वतःच्या चमूकडे होता. कागद बाजूला ठेवून ते गप्प बसू शकले असते. ते बसले नाहीत.

ही जुनी गोष्ट आज कशाला, असं वाटेल. त्या समितीनं चांगलं काम नाकारलं. आज आपल्याकडून कधीकधी उलटी चूक होते. अपयश आलेलं जोडपं आशेपोटी प्रत्येक जादा उपचाराला 'हो' म्हणतं. गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा काढला की भ्रूण नीट रुजतं, असं कित्येक वर्षं सांगितलं जात होतं. 2019 मध्ये 1,300हून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ओरखडा काढलेल्या गटात 26.1 टक्के स्त्रियांना बाळ झालं. न काढलेल्या गटातही नेमक्या तेवढ्याच. भ्रूण गोठवण्याचंही तसंच आहे. ज्यांना इंजेक्शनांचा त्रास होण्याचा धोका जास्त, त्यांना त्याचा उपयोग होतो. म्हणून सगळ्यांचीच शक्यता वाढते असं नाही.

ब्रिटनमध्ये राहत असाल, तर एक सोय आहे. एचएफईए ही सरकारी नियामक संस्था अशा जादा उपचारांना पुराव्यानुसार रंग देते आणि ती यादी तिच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुली आहे. क्लिनिकनं काही सुचवलं, तर संकोच न करता विचारा: यानं मूल होण्याची शक्यता वाढते याचा पुरावा काय? आमच्यासारख्या जोडप्यांमध्ये किती? खर्च किती, धोका काय? आणि उत्तर मिळाल्यावर एक रात्र जाऊ द्या, मग सही करा.

आणि फोनवरच्या काकू-मावशींना एक विनंती. पुढच्या वेळी 'गोड बातमी कधी?' ऐवजी 'कशी आहेस गं?' एवढंच विचारा.