अस्थिशस्त्रक्रियेतील लेसर

हाडे, सांधे व मणके यांच्या शस्त्रक्रियेत ऊतक कापण्यासाठी, वाफ करून काढण्यासाठी किंवा आक्रसवण्यासाठी होणारा लेसर किरणांचा वापर. डोळ्यांच्या व त्वचेच्या उपचारांत लेसर जसा रुळला तसा तो येथे रुळला नाही. मुख्य अडसर उष्णतेचा. गॉथेनबर्गच्या एरिकसन व आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांवरील प्रयोगांतून दाखवले, की ४७° से. तापमान मिनिटभर टिकले तरी हाडाला इजा होऊ शकते.

कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार केला तो बारामतीत जन्मलेल्या, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या चंद्रकुमार पटेल यांनी. त्याचा किरण मऊ ऊतक सुबक कापतो, हाडाच्या कडा मात्र करपवतो. पाणी तो शोषून घेते, म्हणून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सांध्यात द्रवाऐवजी वायू भरावा लागे. होल्मियम-याग लेसर (२.१ मायक्रोमीटर) बारीक काचतंतूतून, सलाइन भरलेल्या सांध्यातही चालतो. त्यामुळे १९९० च्या दशकात तो गुडघ्यातील फाटलेल्या गादीसाठी वापरात आला. पण पाठोपाठ काही रुग्णांत सांध्यालगतचे हाड मृत झाल्याच्या नोंदीही आल्या. खांद्याचे सैल आवरण तापवून घट्ट करण्याचा उपायही टिकला नाही. ते पुन्हा सैल पडे, क्वचित कूर्चाही नष्ट होई.

मणक्यातील चकतीवर लेसरचा पहिला उपचार चॉय व आशर यांनी १९८६ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे केला. सुईतून तंतू आत नेऊन गाभ्याचा अगदी थोडा भाग वाफ करून काढतात. जागा बंदिस्त असल्याने तेवढ्यानेही दाब बराच उतरतो व नसेवरचा ताण हलका होतो. चकतीचा तुकडा सुटून बाहेर आला असेल, तर मात्र याचा उपयोग नाही. रुग्णाने हे आधी विचारून घ्यावे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेलाही लोक सर्रास ‘लेसरचे ऑपरेशन’ म्हणतात, त्या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

हाड कापण्यासाठी खरी आशा एर्बियम-याग लेसरकडून (२.९४ मायक्रोमीटर) आहे. ही तरंगलांबी पाणी अतिशय जोरात शोषते. हाडातील पाण्याची क्षणात वाफ होऊन कण उडतात, आणि उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच काप पडतो. वर पाण्याचा फवारा चालू ठेवतात. बाझेल येथे यावर आधारित, रोबो चालवतो असे यंत्र तयार झाले असून त्याने चेहऱ्याची हाडे कापली आहेत. करवत हाडापार गेली की शल्यविशारदाच्या हाताला कळते. किरणाला तसा अटकाव जाणवत नाही, म्हणून कापाची खोली वेगळ्या साधनाने सतत मोजावी लागते.