गाणं लिहिलं ज्याच्यावर, तोच दारात

आज थेट लंडनला जाऊया. तारीख ५ जून १९७५, जागा ॲबी रोड स्टुडिओ. पिंक फ्लॉइडचं 'विश यू वेअर हिअर' या अल्बमवर काम चालू आहे. तेवढ्यात एक माणूस आत येतो. अंगानं सुटलेला, डोक्याचा गोटा, भुवयासुद्धा भादरलेल्या. सगळ्यांना वाटतं, स्टुडिओतलाच कुणीतरी असेल. बऱ्याच वेळानं ओळख पटते. तो सिड बॅरेट असतो.

आता हा सिड कोण? तर बँडचा पहिला गायक, गिटारिस्ट आणि गाणी लिहिणारा. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांची नावं जोडून बँडचं बारसंही त्यानंच केलेलं. १९६७ चा पहिला अल्बम तर जवळपास त्याचाच. पण पुढे त्याचं मन थाऱ्यावर राहिना. एलएसडी किती आणि मूळचा आजार किती, यावर लोक अजून भांडतात. स्टेजवर गिटार गळ्यात अडकवून नुसता उभा राहायचा म्हणे. १९६८ च्या जानेवारीत एका कार्यक्रमाला निघताना बाकीच्यांनी त्याला घ्यायलाच जायचं नाही असं ठरवलं. बस्स, एवढंच. ना भांडण, ना निरोप.

आणि सात वर्षांनी तो येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्यावरच्याच 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'वर काम चाललं होतं. साधारण २६ मिनिटांचं, नऊ तुकड्यांचं गाणं. त्याला बघून रॉजर वॉटर्सला रडू आवरलं नाही.

या गाण्यात डेव्हिड गिल्मोरच्या गिटारचे चार सूर आहेत. चारच! बीटेकला असताना आमच्या होस्टेलवर एक जण रोज रात्री ते वाजवायचा. तेवढेच यायचे त्याला. तिसऱ्या वर्षी तो कॉलेज सोडून गेला. आज मजेत आहे, दिवाळीला व्हॉट्सॲपवर शुभेच्छा येतात. तरी ते सूर कानावर पडले की मला गलबलून येतं. गेलेल्या माणसासाठी आपल्याकडे दहावं-तेरावं आहे, फोटोला हार आहे. पण जो आहे, आणि तरी आपला 'तो' राहिला नाही, त्याच्यासाठी काय करायचं? मला वाटतं, हे लोक तेच करत होते. रडायला जागा शोधत होते.

अल्बमच्या नावाचं गाणं ऐकताना हेडफोन लावाच. आधी गिटार जुन्या रेडिओवर लागल्यासारखी बारीक, लांबून येते. मग दुसरी गिटार एकदम स्वच्छ, अगदी कानाशी. जणू कुणीतरी खोलीत एकटाच बसून रेडिओला साथ देतोय.

२ जुलै २००५ ला लाइव्ह एटसाठी वॉटर्स २४ वर्षांनी बाकी तिघांसोबत स्टेजवर आला, आणि हे गाणं सुरू करताना त्यानं सिडचं नाव घेतलं. सिड तेव्हा हयात होता. केंब्रिजमध्ये चित्रं काढायचा, बाग करायचा. पुढच्याच वर्षी जुलैत तो गेला.